दारामागचा हुक

सोलविका, ९ सप्टेंबर

सिग्नी,

'प्रिय' लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात येईलच. फोन तू उचलत नाहीस, मेसेज बघून तसाच सोडून देतेस, म्हणून शेवटी कागद घेतला. टपालाने आलेलं पत्र न वाचता फेकायची आपल्या घरात कुणाची छाती नव्हती. तुझीही नसेल.

आधी हे ऐक, की तुझ्यावाचून इथे काही अडलेलं नाही. मे महिन्याच्या सभेत सगळ्यांदेखत तू शेडच्या चाव्या केकच्या ताटाशेजारी आपटल्यास, पोरांसाठी म्हणून उन्हाळाभर येत राहिलीस आणि ऑगस्टमध्ये बॅग उचलून थेट वार्डोला गेलीस. त्याच्यापुढे बर्फ आणि रशियाच आहे, नाही का? तेव्हा लोकांना वाटलं, आता शेडमधला 'आडोसा' बंद पडणार, ऑटिझमवाल्या पोरांनी पुन्हा आपापल्या घरी भिंतींकडे बघत बसायचं. पण बंद पडला नाही. मी अध्यक्ष झाले, आणि एकमताने झाले. दुसरं कुणी उभंच राहिलं नाही, हे गुन्वोर तुला कळवेलच, म्हणून मीच सांगून टाकते.

मागच्या शनिवारी आम्ही शेडवर डुगनाद केला, सगळ्यांनी मिळून फुकट राबायचा आपला तो नेहमीचा कार्यक्रम. अख्खं गाव आलं. येणार नाही तर जाणार कुठे? डुगनादच्या दिवशी जो घरी बसतो, त्याच्याशी लोक पुढचं वर्षभर दुकानात हवामानाशिवाय दुसरं काही बोलत नाहीत. ऑडवारने आपल्या दुकानातून पांढऱ्या रंगाचे डबे दिले. गुन्वोरने गुडघा धरत धरत वॉफल भाजले. बाबांच्या मासेमारीच्या वेळची ती डांबराने माखलेली फळकुटं, फाटकी जाळी, तीन पायांचं बाकडं, गंजक्या खिळ्यांच्या बरण्या, सगळं ट्रेलरवर घातलं आणि घालवलं. भिंती पांढऱ्या, दार पांढरं, आणि छताला चक्क प्रकाश देणारे दिवे. नव्या खोक्यांवर काय कुठे ठेवायचं त्याची चित्रं लावली. आता शेड शेड वाटतच नाही.

सभेत मी एवढंच म्हणाले होते, की आपल्या पोरांना आपण अडगळीत बसवतो. यात काय खोटं होतं? त्यावर तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "तोर्दिस, तुला मुलगा नकोय, पाहुण्यांना दाखवता येईल असा मुलगा हवाय." ते मी विसरलेले नाही. मोठी बहीण आहे मी तुझी, आणि ब्रागे माझ्या पोटचा आहे, तुझ्या नाही. असो. भांडायला पत्र लिहीत नाहीये.

ब्रागे ठीक आहे. थोडी सर्दी आहे म्हणून घरी असतो.

सहज विचारते, पोरं सकाळी शेडमध्ये आली की तू त्यांना काय म्हणायचीस? म्हणजे अगदी पहिलं वाक्य काय असायचं? काम काही नाही, उगाच डोक्यात आलं.

तोर्दिस


सोलविका, २० सप्टेंबर

सिग्नी,

उत्तर आलं नाही. ठीक आहे.

पोरं येत नाहीत. छोटी टिरिल पहिल्या दिवशी दारातच खाली बसली, कानांवर हात ठेवून, आणि अशी किंचाळली की धक्क्यावरची माणसं धावत आली. तिची आई मला म्हणाली, "तोर्दिस, वाईट वाटून घेऊ नकोस, पण हे आता दवाखान्यासारखं दिसतं." वाईट वाटून घेऊ नकोस म्हणे! यूनास आत आला, पण खोकी उपडी करून गंजके खिळे शोधत बसला, मिळाले नाहीत तेव्हा निघून गेला. बाकीच्यांच्या आयांनी सर्दीची कारणं कळवली. गावात एवढी सर्दी आहे हे मला माहीतच नव्हतं.

सगळा घोटाळा त्या ऑडवारच्या रंगाने केला. वास किती दिवस जात नाही! मी सांगत होते त्यांना, की जरा हळू घ्या, एकदम सगळं नको. पण डुगनादमध्ये या गावाला आवरणार कोण? हातात ब्रश आला की समोर मांजर बसलं असेल तर त्यालाही रंगवतील.

ब्रागे खोलीतच आहे. सर्दी नाही, तुला उगाच तसं लिहिलं होतं. तो शेडवर जात नाही. मी सकाळी त्याचे बूट दारात काढून ठेवते आणि संध्याकाळी ते तिथून उचलते. दोरीची चटई अर्धी विणून ठेवली होती, तीसुद्धा मागत नाही.

तुला आठवतात ना ती दोन वर्षं? शाळा संपली, आणि एकोणिसाव्या वर्षी पोरगा खोलीत जाऊन बसला तो बसलाच. मी ताट दाराबाहेर ठेवायचे, आणि ते रिकामं होऊन बाहेर आलं की त्या दिवसापुरतं बरं वाटायचं. मग तू त्याला शेडवर नेलंस. कसं नेलंस ते मी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला का जमलं नाही तेही विचारावं लागलं असतं. आता परत तेच सुरू झालं तर माझ्याने नाही होणार, सिग्नी. मी स्वयंपाकघरात बसू शकत नाही, उठून त्याच्या दारापाशी जाते, कान लावते, परत येते, कॉफी करते, पीत नाही. हे पत्र लिहितानाही चारदा उठले.

मला एवढंच सांग, की शेडमध्ये कुठली वस्तू कुठे होती. तुला सगळं पाठ असणार. तेवढं लिहून पाठव, मग परत कधी तोंड दाखवलं नाहीस तरी चालेल.

तोर्दिस


सोलविका, ८ ऑक्टोबर

सिग्नी,

तुझं कार्ड मिळालं. समोर लाल घर, मागे दोन वाक्यं. "वस्तू कुठे होत्या ते ब्रागेला विचार. तू त्याला कधी काही विचारलंच नाहीस." एवढ्या दोन ओळींसाठी तुला अकरा दिवस लागले! मी ते कार्ड टराटरा फाडलं, आणि मग चिकटपट्टीने जोडलं, कारण मागे तुझा नवा पत्ता होता.

आणि मग विचारलं. दाराबाहेर खाली बसून विचारलं, कारण आत ये असं तो म्हणाला नाही. मला वाटलं, उत्तर येणारच नाही. मग दारापलीकडून आवाज आला, अगदी बातम्या सांगणाऱ्यासारखा सरळ. खिडकीखाली बाकडं, त्याचा तुटका पाय भिंतीकडे. बाकड्यावर बरण्या, डावीकडे मोठे खिळे. जाळी तुळईवर, तिचं भोक दाराकडे. स्टोव्हवर काळी किटली. दारामागे हुक, हुकवर सिग्नी. मी जे जे ऐकलं ते मासिकाच्या मागच्या पानावर खरडत गेले. इतकं सलग तो माझ्याशी किती महिन्यांनी बोलला म्हणून सांगू. मी दाराला डोकं टेकून रडले, तो आत बोलतच होता.

आता खरं सांगते. 'हळू घ्या' वगैरे मी कुणाला म्हणाले नव्हते. पांढरा रंग मी निवडला. ट्रेलर मी बोलावला. बाकडं उचलताना ऑडवार म्हणाला होता, "तोर्दिस, हे राहू दे का? पोरं बसतात यावर." मीच म्हणाले, "घाल ट्रेलरवर, नाटकं नकोत." आता लिहिलं, झालं.

तर मग मी दुकानात गेले. शुक्रवारची गर्दी होती, रात्रीच्या टॅकोचं सामान घ्यायला सगळं गाव तिथे. मी बर्फाच्या पेटीवर हात आपटून म्हणाले, "उद्या डुगनाद आहे. शेडवर."

ऑडवार म्हणाला, "परत? आता काय रंगवायचंय?"

"रंगवायचं नाही. खरवडायचंय."

मागून गुन्वोर म्हणाली, "म्हणजे आपण जे केलं ते उलटं करायचं?"

"हो."

"अगदी सगळं?"

"हो म्हटलं ना! बहिरी आहेस का?"

"बहिरी नाही, बाई," ती म्हणाली, "तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. वॉफल करू की गाजराचा केक?"

हसतील, टोमणे मारतील, उखाळ्यापाखाळ्या काढतील असं वाटलं होतं. काढल्याच, पण शनिवारी सकाळी सगळे हजर होते, खरवडण्या घेऊन. आणि सिग्नी, ऐक. ट्रेलर कचऱ्याच्या डेपोवर कधी पोचलाच नव्हता. पोचला होता, पण जवळजवळ रिकामा. डुगनादमध्ये टाकून दिलेलं ज्याला हवं त्याने न्यावं, या गावची रीतच ती, आणि मी पाठ फिरवल्यावर प्रत्येकाने काही ना काही गाडीत टाकलं होतं. बाकडं ऑडवारच्या अंगणात कुंड्या मिरवत होतं. किटली पाद्रीबाईंकडे निघाली. जाळी गुन्वोरने कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली होती, ती तिने पिसांसकट परत आणली आणि म्हणाली, "बापाची आठवण आहे तुमच्या, मी म्हटलं कुणीतरी ठेवायला हवी." खिळ्यांच्या बरण्या तर तीन घरांतून आल्या. मी चोरांच्या गावाची अध्यक्ष आहे, आणि त्या दिवशी मला त्या चोरांचा काय अभिमान वाटला!

ब्रागेने सांगितलं होतं तसं सगळं लावलं. तुटका पाय भिंतीकडे, भोक दाराकडे. जुन्या डांबराचा डबा उघडा ठेवला, वास यावा म्हणून. छताचे दिवे काढले.

सोमवारी टिरिल आली. दारात उभी राहिली, नाक वर केलं, आणि सरळ आत जाऊन बाकड्याखाली आडवी झाली. तिची जागा तीच होती ना? यूनासला खिळे मिळाले. दुपारपर्यंत सगळी आली. आयांची सर्दी एका दिवसात बरी झाली.

ब्रागेसुद्धा आला. माझ्याबरोबर चालत, बूट स्वतः घालून. मी त्याच्या मागे चार पावलं ठेवून चालले. त्याने दार उघडलं. आत पाय ठेवला नाही. दारामागे बघितलं, एकदाच. मग वळला आणि घरी गेला.

काय राहिलं असेल? मी परत परत ते मासिकाचं पान वाचते. सगळं आहे तिथे.

तोर्दिस


सोलविका, १३ ऑक्टोबर

सिग्नी,

त्या पानावर मी 'दारामागे हुक' एवढंच लिहिलं होतं. पुढचा शब्द गाळला. ऐकला होता, तुला लिहिलाही, पण मला वाटलं तो असंच काहीतरी बोलतोय. मागच्या पत्राची मी काढून ठेवलेली नक्कल काल वाचताना तो शब्द डोळ्यांसमोर आला, आणि मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या स्वतःला शिव्या दिल्या.

तुझा तो पिवळा रेनकोट. मासेमारीवाला, कोपरावर ठिगळ लावलेला. तो तिथे असायचा. मी टिरिलच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, "तुला माहीत नव्हतं? सगळी पोरं आत शिरताना आधी तिकडे बघायची. कोट असला की सिग्नी आहे. ब्रागे तर बाही धरायचा, मगच आत जायचा. सिग्नी कुणाला हॅलो म्हणायची नाही, आम्हाला सुरुवातीला तुसडी वाटायची."

नऊ सप्टेंबरला मी तुला विचारलं होतं, पहिलं वाक्य कुठलं. वाक्य नव्हतंच.

मला हे कळायला हवं होतं. मी त्याला रोज रस्त्यावर सोडायचे, गाडी वळवायचे आणि निघायचे. शेडच्या दारापर्यंत कधी गेलेच नाही. माझं म्हणणं असायचं, की मी आत गेले तर तो माझ्याच मागे लागेल. खरं म्हणजे मला तुम्हा दोघांना एकत्र बघायचं नव्हतं.

आणखी एक. ब्रागेने शेडवर जाणं रंगामुळे सोडलं नाही. डुगनादच्या आधीच सोडलं. तू फेरीबोटीत बसलीस त्याच्या दुसऱ्या सकाळी तो गेला, दारातून परत आला, आणि खोलीत शिरला. मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, शेड अशी झकास करावी की तो सिग्नीला विसरेल. तो सगळा पांढरा रंग त्याच्यासाठी होता. बाकीच्यांची जागा मी त्यापायी घालवली, आणि गावाला कामाला लावलं, तेही दोनदा.

मग मी काय केलं असेल? तुझ्या बहिणीला तू ओळखतेस. मी दुकानात जाऊन नवा रेनकोट घेतला, पिवळाच, तुझ्या मापाचा. हुकवर अडकवला. ब्रागेला आणलं. त्याने दारातून हात लांब करून बाही धरली. मला वाटलं, जिंकले! त्याने कोट काढला, नीट घडी केली, माझ्या हातात दिला.

"हा सिग्नीचा नाही," तो म्हणाला.

मी म्हणाले, "सिग्नी आता येणार नाही, राजा. ती वार्डोला राहते. तिचं तिकडे काम आहे."

त्याने दारामागे बोट दाखवलं. "मग हुक कशाला आहे?"

मी कोट काखेत मारला आणि त्याच्यामागून घरी आले. तू असतीस तर उत्तर दिलं असतंस.

तोर्दिस


सोलविका, १९ ऑक्टोबर

सिग्नी,

तुझं कार्ड आलं नाही, म्हणून हे शेवटचं. असं मी दर वेळी म्हणते, माहीत आहे.

तो म्हणाला ते मला पटलं होतं. कोट नाही तर हुक कशाला? रोज पोरगा तिथे बघणार, रोज रिकामा दिसणार, आणि रोज खोलीत जाणार. त्यापेक्षा नसलेला बरा. आज सकाळी मी बाबांचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि शेडवर गेले. ब्रागेला सांगितलं नाही, पण त्याने खिडकीतून पाहिलं असावं.

पोरं यायची होती. मी एकटीच होते. स्क्रू गंजलेला, फिरता फिरेना. मी त्याला शिव्या घालतेय, हुकला, तुला, सगळ्यांना मिळून, तेवढ्यात दार ढकललं गेलं. ब्रागे. बूट उलटे घातलेले, अंगात जॅकेट नाही. आणि सिग्नी, तो आत आला. न थांबता, माझ्या आणि भिंतीच्या मधे शिरला, आणि हुकला पाठ लावून उभा राहिला. मला हात लावला नाही, ढकललंही नाही. नुसता उभा.

मी म्हणाले, "बाजूला हो, ब्रागे. तूच म्हणालास ना, हुक कशाला?"

"मी विचारलं होतं," तो म्हणाला. "तू सांगितलं नाहीस."

"मग तू सांग."

"हा काढला तर ती आल्यावर कोट कुठे अडकवणार?"

मी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. टिरिल आली, यूनास आला, सगळी आपापल्या जागी गेली. ब्रागे तिथेच उभा होता. मी किटली ठेवली. मग मी त्याची ती अर्धी चटई आणि दोरी त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली, आणि उभ्याउभ्याच विणायला लागला, पाठ न हलवता. अजून विणतोय. मी बाकड्यावर बसून हे लिहितेय, आणि एकदाही उठलेले नाही.

तर ऐक. पांढरा रंग मला अजूनही आवडतो. सभेत जे बोलले ते बोलले, आणि तू जे बोललीस ते मी मेले तरी विसरणार नाही. आपण दोघी एका खोलीत आलो की भांडणार, त्याला इलाज नाही. अध्यक्ष मीच राहीन, निधीसाठी लॉटरीची तिकिटं, केक आणि दारोदार टॉयलेट पेपरचे गठ्ठे विकणं तुला जमत नाही, मला जमतं. शेड तुझी. काय कुठे ठेवायचं त्यात मी नाक खुपसणार नाही. खुपसलं तर ऑडवार आणि गुन्वोर मला बाहेर काढतील, तसं त्यांनी मला आधीच कबूल केलंय, आणि फार आनंदाने केलंय.

दोन दिवसांसाठी येणार असशील तर येऊ नकोस. त्याला परत रिकामा हुक दाखवायचा नाही. राहायला येणार असशील तर ये, सिग्नी, मला तुझी गरज आहे, आणि हे मी लिहिलंय, तू नंतर दाखवायला ठेव.

येताना तो कोट अंगात घालून उतर, ऊन पडलेलं असलं तरी.

प्रिय सिग्नी, आता लिहिलं.

तुझी ताई,
तोर्दिस